मजुरी दिली, पण पुरावा कुठे आहे?



गेल्या बेदाणा हंगामातली गोष्ट सांगतो. पंढरपूर भागातल्या एका गावात खरड छाटणीच्या बैठकीसाठी गेलो होतो. बैठक मारुतीच्या देवळात ठरलेली. देवळात कुणीच नाही. चौकशी केली तर कळले, सगळे गाव एका बागायतदाराच्या शेडवर जमले आहे. तिथे गेलो. शेडच्या दारात १४ बायका बसलेल्या. १८ दिवस त्यांनी बेदाणा झाडण्या-निवडण्याचे काम केले होते. शेजारच्या गावच्या मुकादमाने त्यांना आणले होते. बागायतदाराने मजुरीची सगळी रक्कम, लाखाच्या आसपास, दोन हप्त्यांत मुकादमाच्या हातात रोख दिली होती. मुकादमाचा फोन चार दिवसांपासून बंद आणि घराला कुलूप.

बागायतदार मला म्हणाले, "साहेब, पैसे मी मोजून दिलेत. आता एकाच कामाचे दोनदा द्यायचे काय?"

बायकांतली एक वयस्कर बाई शांतपणे म्हणाली, "दादा, आम्ही तुमच्या शेडवर राबलो. तुमचाच बेदाणा निवडला. तुमचं नि त्याचं काय ठरलं, ते आम्हाला काय माहीत?"

मी विचारले, "काका, लिहून काय ठेवलंय?" त्यांनी वही आणली. फवारणीची वही. तारीख, औषधाचे नाव, प्रमाण, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे, सगळे सुवाच्य अक्षरात. निर्यातीच्या द्राक्षात औषधाचा अंश सापडू नये म्हणून ही वही ठेवायला आम्हीच शिकवले. मजुरीचे मात्र मागच्या पानावर पेन्सिलीने एवढेच लिहिलेले: 'मुकादम, ५० दिले.' पन्नास हजार की पन्नास रुपये, कधी दिले, कशाचे दिले, काही नाही. खरे सांगतो, मलाच ओशाळल्यासारखे झाले. इतकी वर्षे औषधाच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब लिहायला सांगितला, पण माणसाच्या घामाचा हिशेब लिहा असे एकदाही बोललो नव्हतो.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर आज या लेखात देतो. कारण तो प्रश्न उद्या तुमच्या दारातही उभा राहू शकतो, आणि कायदा आता त्याबाबत स्पष्ट बोलतो.

कायदा काय बदलला?

कामगारांविषयीचे केंद्राचे २९ जुने कायदे एकत्र करून चार संहिता केल्या आहेत: वेतन संहिता, २०१९, औद्योगिक संबंध संहिता, २०२०, सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०, आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२०. संसदेत मंजूर होऊनही त्या काही वर्षे कागदावरच होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने त्या लागू केल्या.

"हे कारखानदारांचे कायदे, आपला काय संबंध?" असे बरेच जण म्हणतील. संबंध आहे. वेतन संहितेने चार जुने कायदे पोटात घेतले: १९३६ चा वेतन देण्याबाबतचा, १९४८ चा किमान वेतनाचा, १९६५ चा बोनसचा आणि १९७६ चा समान मोबदल्याचा. किमान वेतन पूर्वी सरकारने यादीत घातलेल्या कामांपुरते होते. शेतीकाम त्या यादीत तेव्हाही होते, आपण लक्ष दिले नाही एवढेच. आता ती यादीच राहिली नाही. जो दुसऱ्याला मजुरीने कामाला लावतो, तो कायद्याच्या भाषेत मालक. मग तो साखर कारखाना असो, गावातली शेतकरी कंपनी असो, नाहीतर सहा एकरांचा बागायतदार असो.

मुकादमाला दिले म्हणजे मजुराला दिले का?

नाही. आणि हीच आजच्या लेखातली मुख्य गोष्ट आहे.

स्वतः मजूर लावला काय किंवा दुसऱ्यामार्फत लावला काय, दोन्ही वेळा 'मालक' या शब्दात तुम्ही येता. मुकादम किंवा ठेकेदारही मालकच धरला जातो. वेतन संहितेचे कलम ४३ सांगते की मजुरी देण्याची जबाबदारी मालकाची. त्याने ती दिली नाही, तर ज्याच्या जागेवर आणि ज्याच्या धंद्यात ते काम झाले, त्या कंपनीने, संस्थेने किंवा व्यक्तीने ती द्यायची. म्हणजे मुकादम पळाला तरी मजुराचा हक्क पळत नाही. तो तुमच्या दारात येऊन बसतो. तुम्ही मुकादमावर वसुलीचा दावा लावू शकता, पण ते तुमचे आणि त्याचे भांडण. मजुराला त्यासाठी थांबवून ठेवता येत नाही.

याला जोडून कलम ५९ वाचा. मजुरी मिळाली नाही किंवा कमी मिळाली असा दावा झाला, तर ती दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. मजुराने 'मिळाली नाही' हे सिद्ध करत बसायचे नाही, तुम्ही 'दिली' हे दाखवायचे. पेन्सिलीने लिहिलेले 'मुकादम, ५० दिले' तिथे किती टिकेल, तुम्हीच सांगा.

दावा करायला मजुराला तीन वर्षांची मुदत आहे. दावा खरा ठरला, तर थकलेल्या मजुरीखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश अधिकारी काढू शकतो. शिवाय कमी मजुरी दिल्याबद्दल ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा घडला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदींसारख्या काही चुकांबाबत पहिल्या वेळी खटला भरण्यापूर्वी निरीक्षकाने चूक दुरुस्त करण्याची संधी लेखी द्यायची आहे. ती संधी वाया घालवू नये.

मजुरी कधी द्यायची?

रोजाने लावलेल्या मजुराला त्या दिवशी काम सुटताना. आठवड्याच्या बोलीवर असेल तर आठवडी सुट्टीच्या आधी, कामाच्या शेवटच्या दिवशी. पंधरवड्याचा असेल तर पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांच्या आत. महिन्याचा असेल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. काम सोडले किंवा कामावरून काढले, तर कामाच्या दोन दिवसांत सगळा हिशेब चुकता.

आपल्याकडे बाजाराच्या दिवशी आठवड्याचा पगार करायची पद्धत आहे. ती या नियमात बसते. बसत नाही ती दुसरी पद्धत: "माल विकला की बघू", "हंगाम उठला की एकदम हिशेब करू". पगाराचा काळ एक महिन्यापेक्षा लांब ठेवता येत नाही.

उक्त्या कामाबद्दलही गैरसमज आहे. "उक्तं दिलंय, त्याला किमान वेतन लागू नाही" असे म्हणतात, ते चूक आहे. नगावर किंवा वजनावर काम दिले आणि त्याचा वेगळा दर सरकारने ठरवलेला नसेल, तर दिवसाच्या कामाला किमान रोजापेक्षा कमी पडता कामा नये. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम घेतले, तर जादा वेळेचा दर दुप्पट. किमान वेतनाचे आकडे सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून जुना कागद बघून ठरवू नका. हंगाम सुरू होण्याआधी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून चालू दर घेऊन यावा.

पाच मजुरांपर्यंत सवलत, पण अर्धीच

लहान शेतकऱ्याला धीर देणारी एक तरतूद आहे. शेतीकामाला पाचपेक्षा जास्त माणसे लावत नसाल, तर ठरावीक नमुन्यातली नोंदवही, फलक आणि पगाराची चिठ्ठी यातून कायद्याने तुम्हाला सूट दिली आहे. मात्र निरीक्षकाने मागितल्यास मजुरी दिल्याचा योग्य पुरावा दाखवावा लागतो. सूट नमुन्यापुरती आहे, मजुरीतून नाही आणि पुराव्यातूनही नाही. खुरपणीला सहावी बाई आली की ही सूट संपली, हेही लक्षात असू द्या.

बाईची मजुरी आणि गड्याची मजुरी

हा विषय काढला की बैठकीत हशा पिकतो. पण कायदा हसण्यावारी नेत नाही. एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला स्त्री आणि पुरुष म्हणून वेगवेगळी मजुरी देता येत नाही. १९७६ च्या कायद्यात हे होतेच, आता ते वेतन संहितेच्या कलम ३ मध्ये आले आहे. पोती उचलण्याचे काम आणि निवडणीचे काम वेगळे, त्यांचे दर वेगळे असू शकतात. पण डाळिंबाच्या एकाच ओळीत दोघे फळे तोडत असतील आणि गड्याला जास्त, बाईला कमी असे असेल, तर ते बेकायदा आहे. गडी लावून गड्याचा दर कमी करायचा, असाही मार्ग नाही. कुणाचा दर खाली आणून समानता करायला कायद्याने मनाई केली आहे.

उचल

ऊसतोड असो, वीटभट्टी असो, उचल दिल्याशिवाय टोळी मिळत नाही, हे मला माहीत आहे. दिलेली आगाऊ रक्कम मजुरीतून कापता येते. पण सगळ्या कपाती मिळून एका पगाराच्या निम्म्याहून जास्त कापता येत नाही. आणि उचल फिटली नाही म्हणून माणसाला, त्याच्या बायकोपोरांना अडवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. तो कायदा संहितांत विलीन झालेला नाही, जसाच्या तसा उभा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. उचल द्या, पण कुणाला किती दिली ते माणसागणिक लिहा. टोळीची उचल मुकादमाच्या एकट्याच्या नावावर लिहिली की पुढे तंटा ठरलेलाच.

आपला जिल्हा कर्नाटकाला लागून आहे. तिकडची माणसे इकडे येतात, इकडची तिकडे जातात. परराज्यातून आलेले १० किंवा जास्त कामगार ज्या आस्थापनेत असतील, तिला स्थलांतरित कामगारांच्या तरतुदी लागू होतात. नियमातल्या अटींप्रमाणे वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याचे भाडे मालकाने द्यायचे असते.

सरपंच, ग्रामसेवक आणि ठेकेदार मंडळींसाठी

ग्रामपंचायतीची गटारे, रस्ते, पाण्याची टाकी ही कामे ठेकेदार करतो आणि बिल पंचायत काढते. "बिल दिलं, आमचा संबंध संपला" असे समजू नये. सुरक्षा संहितेत स्थानिक संस्थेच्या बाबतीत कार्यालयाचा प्रमुख किंवा नेमलेला अधिकारी हा 'मुख्य मालक' धरला आहे.

कंत्राटी कामगारांचे प्रकरण ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तिथे लागू होते. केंद्राच्या जुन्या कायद्यात ही संख्या २० होती. महाराष्ट्राने ती आधीच ५० केली होती, त्यामुळे आपल्याकडे इथे फार बदल नाही. अशा मोठ्या कामावर ठेकेदाराकडे परवाना हवा. परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. परवाना लागत असून तो नसलेल्या ठेकेदारामार्फत माणसे लावली, तर ती माणसे थेट मुख्य मालकाचीच धरली जातात. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मुख्य मालकाने ती द्यायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची. पिण्याचे पाणी, विश्रांतीची जागा, प्रथमोपचार या सोयीही मुख्य मालकाच्याच अंगावर आहेत.

गावातली बहुतेक कामे ५० मजुरांच्या आतलीच असतात. तरी मजुरी देण्याची जबाबदारी आणि पुराव्याचा भार वेतन संहितेत आहे आणि तिथे ५० ची अट नाही. म्हणून माझी सूचना अशी: शेवटचे बिल काढण्यापूर्वी ठेकेदाराकडून मजुरांच्या सह्यांचे हजेरीपत्रक आणि बँकेत पैसे जमा केल्याचा कागद मागून फाइलला लावा. कामाच्या आदेशातच ही अट घाला, म्हणजे नंतर वाद नको. बांधकाम मजुराला कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी ९० दिवस कामाचा दाखला लागतो. हजेरीपत्रक फाइलला असेल तर तो दाखला देताना ग्रामसेवक भाऊसाहेबांचा हातही थरथरणार नाही.

घर बांधणाऱ्यांना एक दिलासा आहे. स्वतः राहण्यासाठी बांधलेल्या घराचा खर्च १० लाखांच्या आत असेल तर बांधकाम उपकरातून पूर्वी सूट होती. नव्या संहितेत ही मर्यादा ५० लाख केली आहे.

शेतकरी कंपन्या आणि लघुउद्योग

ग्रेडिंग-पॅकिंगचे शेड, डाळमिल, दूध शीतकरण केंद्र चालवणाऱ्या मंडळींनी हे आकडे भिंतीवर लावावेत.

१० किंवा जास्त कामगार: सुरक्षा संहिता लागू. प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र द्यायचे. जुन्या कामगारांनाही.

२० किंवा जास्त कामगार: बोनस आणि भविष्यनिर्वाह निधी. विजेवर चालणारे युनिट असेल तर ते कारखाना म्हणून धरले जाते. वीज नसेल तर ही संख्या ४०.

मुदतीच्या नेमणुकीवर घेतलेला कामगार: त्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची वाट नाही. एक वर्ष भरले की हक्क लागू.

वेतनाची व्याख्याही बदलली आहे. मूळ पगार थोडा आणि भत्ते जास्त दाखवून निधीची रक्कम कमी ठेवायची युक्ती आता चालत नाही. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरतात.

वही कशी ठेवावी?

दोनशे पानी वही घ्या. रेघा मारून सात रकाने करा: तारीख, मजुराचे नाव, काम, तास किंवा नग, ठरलेला दर, दिलेली रक्कम, सही किंवा अंगठा. उचल दिली असेल तर तिचे पान वेगळे. मुकादमाची मजुरी किंवा कमिशनही वेगळ्या पानावर. मजुरांच्या रकमेत ते मिसळू नका.

पैसे शक्यतो ज्याचे त्याच्या खात्यावर टाका. कायद्याने रोख मजुरीला सरसकट बंदी केलेली नाही, पण खात्यावर टाकलेला पैसा स्वतःच पुरावा होतो. बाईची मजुरी बाईच्याच खात्यावर. नवऱ्याच्या नाही, मुकादमाच्याही नाही. रोख द्यायची असेल तर सगळ्यांसमोर द्या, सही घ्या. मुकादमामार्फतच काम असेल तर पगाराच्या वेळी तुम्ही स्वतः हजर राहा. एवढे केले तर काकांवर आलेली वेळ तुमच्यावर येणार नाही.

सही-अंगठ्याची ही पद्धत आपल्याला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आपल्या आजी-आजोबांनी मस्टरवर अंगठे उठवले आहेत. सरकारच्या कामावर हजेरी लागायची, तेव्हा 'मस्टरवर नाव आहे का' हा पहिला प्रश्न असायचा. तोच प्रश्न आता आपल्या शेडवर आला आहे.

एक गोष्ट मोकळेपणाने

"साहेब, मजुरीचा कायदा झाला, बेदाण्याच्या भावाचा कधी होणार?" हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचे सोपे उत्तर नाही. भाव पडला की शेतकऱ्याची ओढाताण होते, ती मी डोळ्यांनी बघतो. पण भावाची तूट मजुराच्या रोजातून भरून काढता येणार नाही. कायद्याने नाही आणि मनुष्यबळाच्या टंचाईने तर मुळीच नाही. ज्या शेडवर पगार वेळेवर होतो, तिथे पुढच्या हंगामात बायका न बोलावता येतात, हेही आपण पाहतोच.

आता त्या काकांचे सांगतो. त्या दिवशी शेडवरच बसून आम्ही १४ जणींची नावे लिहिली. कोण किती दिवस आली, हे बायकांनीच एकमेकींच्या साक्षीने सांगितले. काकांना कायदा समजावला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चूक मुकादमाची, पण काम माझं झालंय." बेदाण्याचे पैसे आल्यावर दोन टप्प्यांत त्यांनी सगळ्यांचे चुकते केले. मुकादमाकडून अजून काही वसूल झालेले नाही. एकाच कामाचे पैसे त्यांना दोनदा मोजावे लागले.

परवा त्यांच्या बागेत गेलो होतो. घडांची पाहणी झाल्यावर त्यांनी आतून दोन वह्या आणल्या. एक फवारणीची. दुसरीवर मुलीच्या अक्षरात लिहिलेले होते 'मजुरी'. पहिल्या पानावर त्या वयस्कर बाईंचे नाव आणि पुढे अंगठा. काका म्हणाले, "यंदा मुकादम नाही. त्याच बायका थेट आल्यात."

तुमची वही आजच आणा. काही अडले तर पंचायत समितीत या, रकाने मी स्वतः आखून देईन.